टेनिस: गट, चेंडू, कोर्ट आणि कोपर

गटिंगवेडा
नमस्कार मंडळी. गेली चौदा वर्षं नोकरी सांभाळून मी घरी रॅकेटींचं गटिंग करून देतो, म्हणजे गट (रॅकेटीच्या तारा) ताणून बसवतो. कोथरूडच्या घरात हॉलच्या कोपऱ्यात मशीन आहे, संध्याकाळी दोन-तीन रॅकेटी होतात. येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात: "जरा घट्ट करा, शॉटला ताकद येत नाहीये." दर वेळी दारात उभं राहून समजावतो, आज म्हटलं सविस्तर लिहूनच काढू. घट्ट गटाने ताकद वाढत नाही, कमी होते.

कारण चेंडू. टेनिसमध्ये सगळ्यात उधळ्या कोण असेल तर तो. आयटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा) नियम असा, की २५४ सेंमी उंचीवरून काँक्रीटवर सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे. म्हणजे नवाकोरा, नियमात बसणारा चेंडूसुद्धा एका टप्प्यात पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा घालवून बसतो. रबर चेपतं, परत फुगतं आणि तेवढ्यात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते. तारा तशा नाहीत. ताणलेली तार तिला दिलेल्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत करते. तेव्हा धक्का जितका तारांनी सोसावा तितका फायदा आणि जितका चेंडूने सोसावा तितका तोटा. गट घट्ट केला की तारांची जाळी भिंतीसारखी होते, चेंडू जास्त चेपतो आणि जास्त उधळतो.

आता हा फरक प्रत्यक्षात किती? तारांचा ताण पाउंडांत मोजतात. दहा पाउंड सैल केलं तर चेंडूचा वेग एक-दोन टक्क्यांनी वाढतो, बस. मग खेळणाऱ्याला तो एवढा मोठा का वाटतो? सैल तारांवर चेंडू किंचित जास्त वेळ बसतो. तेवढ्यात वर जाणारी रॅकेट त्याला थोडा वरच्या कोनात सोडते आणि चेंडू लांब पडतो. "लांब पडला म्हणजे ताकद आली" असं मनाला वाटतं. घट्ट गटाने चेंडू आखूड पडतो, म्हणून ताबा आल्यासारखा वाटतो. ताबा हवा असेल तर घट्ट करा, माझी काही हरकत नाही. पण ताकदीसाठी नको.

ऋतुगंधा_ठाणे
दादा, अगदी वेळेवर धागा आला. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, चार वर्षं खेळतेय. दोन महिन्यांपासून उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखते. परवा तिला बरणीचं झाकण फिरवता आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं. तिच्या अकादमीत सगळ्या मुलांना सरसकट पॉलिएस्टर गट घालतात, ५६ पाउंडांवर. विचारलं तर "मोठे खेळाडू हेच वापरतात" एवढंच उत्तर मिळालं. हे पॉलिएस्टर नक्की काय असतं? आणि दुखण्याशी त्याचा संबंध असेल का?

गटिंगवेडा
ताई, आधी मुलीला चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे न्या आणि तोवर खेळ थांबवा. हे वाचून झाल्यावर नाही, आधी. दुखणं बरं करणं गटाच्या हातात नाही, ते वाढू न देणं मात्र काही प्रमाणात आहे.

आता पॉलिएस्टर, म्हणजे एकसंध, कडक प्लॅस्टिकची तार. १९९७ साली गुस्तावो कुएर्तेन नावाचा ब्राझीलचा पोरगा, जागतिक क्रमवारीत ६६ वा, फ्रेंच ओपन जिंकून गेला. त्याच्या रॅकेटीत लक्सिलॉन कंपनीचा पॉलिएस्टर गट होता. त्यानंतर काही वर्षांत व्यावसायिक टेनिसमध्ये जवळजवळ सगळे तिकडे वळले. बराच काळ समज असा होता, की ही तार चेंडूला जास्त "पकडते" म्हणून फिरकी जास्त मिळते. सिडनी विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस आणि त्यांचे सहकारी क्रॉफर्ड लिंडसे यांनी मोजमापं घेतली तेव्हा गोष्ट उलटी निघाली. तार गुळगुळीत असते, म्हणूनच फिरकी मिळते.

हे घरी बघता येतं. रॅकेट मांडीवर आडवी ठेवा आणि मधली एक उभी तार अंगठ्याने बाजूला सरकवून सोडा. पॉलिएस्टर असेल तर ती टक् आवाज करून जागेवर येते. साधा नायलॉन असेल, त्यातही थोडा वापरलेला, तर ती सरकवली तिथेच अडकून राहते, बोटांनी परत सरळ करावी लागते. जुन्या सामन्यांत दोन गुणांच्या मध्ये खेळाडू तारा सरळ करत बसलेले दिसतात ते यामुळेच. टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका) मारताना चेंडू उभ्या तारांना आपल्याबरोबर बाजूला ओढतो. पॉलिएस्टरची तार आडव्या तारांवरून घसरून लगेच परत येते आणि चेंडू सुटायच्या आत त्याला आणखी एक फिरका देते.

पण हा फायदा मिळायला रॅकेट जोरात फिरायला हवी. तेरा वर्षांच्या मुलीच्या हाताला तेवढा वेग सहसा नसतो. तिच्या वाट्याला फायदा थोडा येतो आणि कडकपणा सगळाच्या सगळा येतो. वर पॉलिएस्टर ताण लवकर सोडतं. तार तुटत नाही म्हणून लोक सहा-सहा महिने तोच गट ठेवतात, तोवर तो पार मेलेला असतो.

माझ्या मशीनवर तुमची मुलगी आली तर मी मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ तार) घालेन, ४६ ते ४८ पाउंड.

भौतिकवाला
मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, आठवड्यातून तीनदा खेळतो. कोपराच्या बाबतीत थोडी भर घालतो.

चेंडू तारांवर साधारण पाच मिलिसेकंद असतो. आपल्या मेंदूला एखाद्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. म्हणजे "फटका गोड लागला" ही जाणीव हातात येते तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. एवढंच नाही. फटक्याच्या क्षणी मूठ किती आवळली आहे याचा चेंडूच्या वेगावर जवळजवळ काही परिणाम होत नाही, कारण दांड्याकडून धक्का परत येईपर्यंत चेंडू सुटलेला असतो. मूठ आवळल्याने एकच होतं, फ्रेमची थरथर जास्त प्रमाणात हातात शिरते. मुलीला एवढं नक्की सांगा: चेंडू लागताना मूठ घट्ट करू नकोस, रॅकेट निसटणार नाही एवढीच पकड.

आपण "स्वीट स्पॉट" म्हणतो तो एक बिंदू नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हॉवर्ड ब्रॉडी यांनी हे फार छान उलगडून दाखवलं. एक जागा अशी, की तिथे चेंडू लागला तर फ्रेम जवळजवळ थरथरत नाही. दुसरी अशी, की तिथे लागला तर मुठीला झटका बसत नाही. तिसरीवर चेंडू सगळ्यात जोरात परत जातो, आणि ती पहिल्या दोन्हींपेक्षा दांड्याच्या जवळ असते. पहिली जागा शोधायची तर दांडा दोन बोटांत सैल धरून रॅकेट खाली लोंबू द्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने तारांवर वरून खाली टकटक करत जा. वरच्या टोकाला मारलं की दांड्यात गुणगुण जाणवते. जाळीच्या मध्याजवळ एका जागी ती एकदम नाहीशी होते. तिथून पुढे गेलात की परत येते.

आणि तारांत बसवतात ते रबरी डॅम्पनर कोपर वाचवत नाहीत. तारांचा आवाज पाचशे हर्ट्झच्या आसपास असतो, डॅम्पनर तेवढा "टिंग" बंद करतो. हाताला त्रास देणारी फ्रेमची थरथर शंभर ते दोनशे हर्ट्झच्या पट्ट्यातली. त्या दोन-तीन ग्रॅमच्या रबराचा तिच्यावर काही जोर चालत नाही.

सांगलीकर_जुना
वाचून फार आनंद झाला. आम्ही लाकडी रॅकेटीवर शिकलो. रात्री रॅकेट लाकडी प्रेसमध्ये चार स्क्रू पिळून ठेवायची, नाहीतर आषाढात फ्रेम पापडासारखी वाकायची. नॅचरल गट (जनावरांच्या आतड्याची तार) असेल तर पावसाळ्यात तो फुगून उकलायचा. माझ्या वडिलांनी घेऊन दिलेली रॅकेट एका पावसाळ्यात अशी गेली, त्याचं वाईट अजून वाटतं.

लाकडी रॅकेटीची तारांची जाळी सत्तर चौरस इंचांच्या आतबाहेर असायची. त्याहून मोठी केली तर लाकडाला ताण झेपायचा नाही. हॉवर्ड हेड या अमेरिकन इंजिनिअरने हे बदललं. त्याआधी त्याने धातूच्या स्की बनवून नाव कमावलं होतं. निवृत्त झाल्यावर टेनिस शिकायला लागला, रॅकेट हातात वळायची म्हणून वैतागला आणि उपाय शोधत बसला. जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं हे त्याला ठाऊक होतं. रॅकेट थोडी रुंद केली, की कडेला लागलेल्या चेंडूने ती हातात वळणं खूप कमी होतं. १९७६ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि प्रिन्स कंपनीची ११० चौरस इंचांची ॲल्युमिनियम रॅकेट आली. आमच्या जिमखान्यात पहिली आली तेव्हा सगळे तिला हात लावून बघायला जमले होते. १९८३ ला यानिक नोआ लाकडी रॅकेटीने फ्रेंच ओपन जिंकला, त्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत लाकूड जिंकलं नाही.

वर तारा घसरण्याचं वाचून स्पॅगेटी रॅकेट आठवली. जर्मनीच्या वेर्नर फिशरने केलेली. तारांचे दोन थर, एकमेकांत न विणलेले, मध्ये प्लॅस्टिकच्या नळ्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हाँसच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात रुमानियाच्या नास्तासेने ती वापरली. समोर अर्जेंटिनाचा गिलेर्मो विलास, मातीवर कित्येक महिने न हरलेला. दोन सेट गमावल्यावर त्याने सामना सोडून दिला. त्याच महिन्यात आयटीएफने त्या रॅकेटीवर बंदी घातली. गंमत अशी, की तोपर्यंत रॅकेट कशाला म्हणायचं हे नियमांत लिहिलेलंच नव्हतं! १९७८ मध्ये ते लिहिलं गेलं: तारा एकमेकांत विणलेल्या हव्यात, नक्षी सगळीकडे सारखी हवी.

गटिंगवेडा
काका, किती मोलाचं लिहिलंत. स्पॅगेटीत विणकामच नव्हतं, म्हणून उभ्या तारा मोकळ्या सरकायच्या. पॉलिएस्टरने तेच काम नियमात राहून केलं. हा धागा मला आजवर असा जुळवता आला नव्हता.

डेन्व्हरवासी
मूळचा दादरचा, आता डेन्व्हरला. इथली उंची सोळाशे मीटर. आल्यावर पहिल्याच दिवशी माझे निम्मे फोरहँड मागच्या जाळीवर गेले. हवा विरळ, म्हणून चेंडूला विरोध कमी आणि फिरकीची पकडही कमी. शिवाय बाहेरचा दाब कमी म्हणून तोच चेंडू जास्त टणक होतो आणि जास्त उसळतो. १२१९ मीटरच्या वरच्या ठिकाणांसाठी आयटीएफच्या नियमांत म्हणूनच वेगळे चेंडू आहेत. डबा घेताना त्यावर "हाय अल्टिट्यूड" लिहिलंय का ते बघावं लागतं.

पुणं साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा पाचेक टक्के विरळ. मुंबईची मुलं बालेवाडीला खेळायला गेली की पहिल्या दिवशी "चेंडू उडतोय" म्हणतात ते खोटं नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी तासभर सराव मिळाला तर बघा. आणि फस्स आवाज करत डबा उघडला, की त्या क्षणापासून चेंडूतली हवा रबरातून हळूहळू झिरपायला लागते, खेळा अथवा खेळू नका. मेलेल्या चेंडूने सराव केला की मुलं जास्त जोर लावतात, तोही शेवटी कोपरावरच येतो.

तन्मय_१९
माझी उंची पाच फूट सहा इंच. सर म्हणतात, सर्व्हिस वरून खाली ठोक. ठोकली की जाळीत जाते. माझ्या उंचीला सपाट (फिरकी न देता मारलेली) सर्व्हिस शक्यच नाही का?

भौतिकवाला
तन्मय, कागद घे. बेसलाइनपासून (कोर्टाच्या मागच्या रेषेपासून) जाळी ११.८९ मीटर, जाळीपासून सर्व्हिस लाइन (सर्व्हिस जिच्या आत पडायला हवी ती रेषा) ६.४० मीटर, जाळी मध्यभागी ०.९१४ मीटर उंच. सर्व्हिस लाइनवरून जाळीच्या काठाला टेकणारी सरळ रेषा मागे ओढत ने. बेसलाइनवर ती २.६१ मीटर उंचीवर येते. तुझा चेंडू रॅकेटला लागतो साधारण अडीच मीटरवर. म्हणजे गुरुत्वाकर्षण नसतं तर तुझी सरळ सर्व्हिस कधीच आत पडली नसती. "वरून खाली" ठोकायला तुझ्याकडे जागाच नाही.

पण चेंडू वाटेत खाली येतो. हवेचा विरोध सोडून दे आणि १६० किमी वेग धर. सर्व्हिस लाइनपर्यंत पोचायला ०.४१ सेकंद लागतात, तेवढ्यात तो ८३ सेंमी खाली येतो. हा हिशोब धरून बरोबर सर्व्हिस लाइनवर पडणारा चेंडू जाळीवरून पंधराएक सेंमीने जातो. त्याहून वर गेला तर बाहेर, खाली गेला तर जाळीत. तुझी खिडकी तेवढीच, त्यातून चेंडूची त्रिज्या वजा कर. आता वेग १०० किमी कर. तीच खिडकी ४४ सेंमीची होते.

मग वेग ठेवूनही खिडकी मोठी करायची तर टॉपस्पिन हवा. पुढे फिरणारा चेंडू आपल्या मागची हवा वर फेकतो आणि स्वतः खाली ढकलला जातो. न्यूटनने १६७२ सालीच लिहून ठेवलं होतं, की तिरक्या रॅकेटीने मारलेला टेनिसचा चेंडू वळताना आपण पाहिला आहे. १८७७ मध्ये लॉर्ड रॅलेंनी टेनिसच्या चेंडूच्या वाकड्या उड्डाणावर लेखच लिहिला. तेव्हा खाली ठोकू नकोस. वर फेक, वर घासत मार, खाली आणायचं काम हवा करेल. पहिली सर्व्हिसही थोडी फिरकी देऊनच कर.

तन्मय_१९
सर, हे चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. उद्या सकाळीच करून बघतो.

मुरूमवाली
मी सिव्हिल इंजिनिअर, खेळांच्या मैदानांची कामं करते. कोर्टाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

कोर्टाचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: चेंडूला घर्षण किती होतं आणि तो किती उसळतो. आयटीएफ यातूनच आकडा काढून कोर्टांचे पाच वर्ग करते. रोलाँ गॅरोसची (जिथे फ्रेंच ओपन होते तिथली) "माती" ही माती नाहीच, विटांचा चुरा आहे आणि तोही वर दोनेक मिलिमीटरच. खाली चुनखडी, भट्टीची राख, खडी असे थर. आपल्याकडे जिमखान्यांत चाळलेला मुरूम आणि लाल माती रोलरने दाबून, रोज पाणी मारून तेच काम भागवतात. चेंडू खरखरीत पृष्ठभागावर आला, की तळ अडतो, पुढचा वेग घटतो आणि उसळी उंच मिळते. गवतावर तो घसरत जातो. विम्बल्डनने २००१ मध्ये गवताचं मिश्रण बदललं. आधी रायग्रास सत्तर टक्के आणि फेस्क्यू तीस टक्के असायचं, मग पूर्ण रायग्रास केलं. हेतू कोर्ट टिकाऊ करण्याचा होता. खालची जमीन टणक ठेवता आली, चेंडू उंच उसळू लागला आणि बेसलाइनवरून खेळणाऱ्यांना वेळ मिळू लागला.

आता आपल्या रोजच्या कामाचं. सोसायट्यांतल्या हार्ड कोर्टच्या रंगात वाळू असते. किती आणि केवढी जाड, यावर कोर्टाचा वेग ठरतो. चार-पाच वर्षांत वाळू घासली जाते, कोर्ट वेगवान आणि ओलं झालं की धोकादायक होतं. परत रंगवताना कंत्राटदार वाळू न मोजता ओतताना मी पाहिलंय. सोसायटीच्या कमिटीत असाल तर रंगाबरोबर वाळूचं प्रमाणही करारात लिहून घ्या. आणि मुलांना शक्य असेल तर आठवड्यातला एखादा दिवस मातीवर खेळवा. माती पायाखाली थोडी सरकते, गुडघ्यांवर कमी बेतते.

ऋतुगंधा_ठाणे
सर्वांना कळवायचं राहून जात होतं. फिजिओथेरपी झाली, सहा आठवडे पूर्ण विश्रांती घेतली, मग मनगटाचे व्यायाम. पॉलिएस्टर काढून मल्टिफिलामेंट घातलं, ४७ पाउंड. गेल्या दोन आठवड्यांपासून ती रोज पाऊण तास खेळतेय, दुखत नाही. सुरुवातीला चेंडू लांब जात होते म्हणून चिडली होती, आता वर घासून मारायला लागली आहे. काल बरणी तिने स्वतःहून हातात घेतली आणि उघडून दाखवली.

विश्रांतीच्या काळात पार्किंगमध्ये रॅकेट हवेत उडवून झेलत बसायची. तिचा प्रश्न आहे: एका बाजूला स्टिकर लावलाय, तो वर ठेवून, दांडा धरून रॅकेटला एक कोलांटी मारली आणि परत दांडा झेलला, तर दर वेळी स्टिकर खाली कसा जातो? ती तर रॅकेट अजिबात वळवत नाही.

भौतिकवाला
वा! तिला माझी शाबासकी सांगा. हे कोडं तिचं तिने शोधलं याचं मला फार कौतुक वाटतं.

रॅकेट तीन प्रकारे फिरवता येते. दांड्याभोवती पिळून, ते सगळ्यात सोपं, जडत्व सगळ्यात कमी. टेबलावर पंख्यासारखी सपाट फिरवून, ते सगळ्यात अवघड, जडत्व सगळ्यात जास्त. आणि कोलांटी, तिचं जडत्व या दोघांच्या मधलं. कमीत कमी आणि जास्तीत जास्त जडत्वाच्या अक्षांभोवती वस्तू शांतपणे फिरते. मधल्या अक्षाभोवती नाही फिरत. हातातून सुटताना जो केसभर कल राहतो तो फिरता फिरता वाढत जातो आणि रॅकेट अर्धी गिरकी घेऊन उलटते. प्वाँसो या फ्रेंच गणितज्ञाने हे गणित १८३४ मध्ये मांडलं. १९८५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर जानिबेकोव्ह यांना अंतराळात पंखवाल्या नटवर हेच दिसलं, तो नट तर ठराविक वेळाने पुन्हा पुन्हा उलटत राहिला.

तिला आता दोन गोष्टी करून बघायला सांगा. रॅकेट उभी धरून, स्टिकर स्वतःकडे ठेवून, घड्याळाच्या काट्यासारखी फिरवून झेलायची. स्टिकर स्वतःकडेच राहील. मग कडेला तीन आणि नऊच्या जागी शिशाची पट्टी चिकटवून परत कोलांटी मारायची आणि उलटण्यात काही फरक पडतो का ते बघायचं. काय दिसलं ते इथे तिनेच लिहावं.